मूळ प्रत हरवली आहे

बाळकुम, ठाणे
गुरुवार, २४ जुलै २०२५

प्रिय अण्णा,

पोस्टमन दारात उभा राहिला की वहिनी आधी देवाला हात जोडेल आणि मग पाकीट हातात घेईल, हे मला इथूनच दिसतंय. तिला सांग, सगळे धड आहेत. रुपालीचा गुडघा तेवढा कुरकुरतोय, तो दर पावसाळ्यात कुरकुरतो. सान्वी सातवीत गेली आणि आता तिला काही हवं असेल तेव्हाच माझ्याशी बोलते. फोन का केला नाहीस, असं तू म्हणशील. केला होता, परवाही आणि कालही. दोन्ही वेळा तू जेवण झालं का विचारलंस, भाताची आवणी उरकत आली म्हणालास, बाळकुमला पाणी तुंबलं का विचारलंस आणि चल ठेवतो म्हणालास. तू मला फोनवर बोलूच देत नाहीस. मला तर वाटतं, मुद्दामच. कागदाला मधेच थांबवता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. दुपारची पाळी आहे, पंप चालू करून बसलोय, खोलीत एवढा आवाज आहे की कुणी डोकावणार नाही. अक्षर बरं दिसत असेल तर त्याचं श्रेय ऋतिकाचं. दोन महिने ती माझ्याकडून रोज एक निबंध लिहून घेते. का, तेच सांगायचंय.

माझं काम तुला माहीत आहे. कंपनी बंद पडली, तिच्या जागेवर हे टॉवर उभे राहिले, आणि जिथं मी बावीस वर्षं रंगाच्या टाक्या ढवळल्या तिथंच आता साडेसहाशे घरांचं सांडपाणी साफ करून बागेला सोडायचा प्लांट सांभाळतो. नशिबात टाक्याच लिहिल्यात म्हण. मार्चमध्ये ठेकेदार बदलला. नवा माणूस वाईट नाही, पण नियमाचा. तो म्हणाला, प्लांटच्या मुख्य माणसाकडे निदान बारावी आणि त्यावर एखादा कोर्स असायलाच हवा, सोसायटीशी झालेल्या करारात तसं लिहिलंय. मला त्यानं पुढच्या जूनपर्यंत मुदत दिली. तोवर बारावी झालो नाही तर साफसफाईच्या टोळीत जायचं, पगार निम्म्यावर. ऋतिका बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सान्वीचं सगळंच अजून पुढे आहे. रुपालीनं त्या महिन्यापासून भाजीत तेल कमी घालायला सुरुवात केली.

आणि मग मदत सुरू झाली. अण्णा, दिवस फिरले की माणसाला मदतीचासुद्धा धाक वाटतो, हे मला माहीत नव्हतं. बाराव्या मजल्यावर सुहासिनीताई राहतात, पूर्वी कॉलेजात शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्या एका संस्थेचं काम बघतात. संस्थेची योजनाच अशी की ज्या बापांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांना परत शिकवायचं. ठाणे, कल्याण, मुरबाड, शहापूर, सगळीकडून अर्ज घेतात. फी त्यांची, पुस्तकं त्यांची, क्लासला जायचा पास त्यांचा, आणि परीक्षेच्या महिन्यात बिनपगारी रजा घ्यावी लागली तर तेवढा पगारही त्यांचाच. ताई मला म्हणाल्या, आई शिकली की घर शिकतं असं जो तो म्हणतो, बापाला कुणी विचारत नाही. खरंच कुणी विचारत नाही. ऋतिकानं त्याआधी आठवडाभर मोबाइलवर शोधलं होतं. शिक्षणाची कर्जं मुलांना, शिष्यवृत्त्या मुलांना, कुठंही गेलं की मी वयाच्या रकान्यात अडकायचो. आयटीआयला बसलो असतो तर शेजारच्या बाकावरची पोरं मला सर म्हणाली असती. त्यामुळे ऋतिकाला ताई देवासारख्या भेटल्या. तिनं एका वहीत सगळे रस्ते लिहून काढले. ठाणे स्टेशनजवळचं रात्रीचं कॉलेज, तर माझी पाळी आडवी येते. मुक्त विद्यापीठ, तर ठेकेदाराला आधी बारावीच हवी. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसायचं, हे पक्कं केलं. दहावी तर तुम्ही पास आहातच बाबा, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे, असं ती म्हणाली. संस्थेच्या अर्जावर शेवटी पालकाची सही अशी एक जागा होती, मुलांच्याच अर्जाचा जुना नमुना त्यांनी बापांना वापरलेला. ती कोण भरणार म्हणून आम्ही सगळे हसलो आणि तिथं ऋतिकानं सही ठोकली. नातं, मुलगी.

मी हसलो खरा, पण माझी सही करायला मला तीन दिवस लागले. रोज काहीतरी कारण काढायचो, पेन चालत नाही, चष्मा सापडत नाही. चौथ्या दिवशी तिनं पेन हातात दिलं आणि समोर उभी राहिली, तेव्हा केली. तेव्हापासून जेवणाआधीचा तास तिचा झाला. निबंध मला जमायला लागलेत, इतिहासही बरा जातो, पण गणितात मी जो बसतो तो बैल चिखलात बसावा तसा बसतो. तिला ते समजेना. एकदा गुणपत्रक काढून बसली. म्हणाली, बाबा, तुम्हाला दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे अठरा होते, मग साधं समीकरण का सुटत नाही? मी म्हटलं, विसरलो गं, चौतीस वर्षं झाली. ती म्हणाली, विसरलं तरी इतकं कुणी विसरत नाही. रागावली मात्र नाही. सातवीचं पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला धीर यावा म्हणून त्या गुणपत्रकाची झेरॉक्स तिनं स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवली. पाणी प्यायला उठलो की तुझे एकशे अठरा मार्क माझ्याकडे बघत असायचे.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. पण आपण दोघं ते एकमेकांशी कधी बोललेलोच नाही, म्हणून एकदा पहिल्यापासून लिहितो. तू दहावी झालास तेव्हा कल्याणच्या कॉलेजातला अकरावीचा फॉर्म आणला होतास. बाबा म्हणाले, एक वर्ष थांब. त्या एका वर्षाची पाच वर्षं झाली. शहाण्णवच्या जानेवारीत बाळकुमच्या कंपनीचं बोलावणं आलं ते तुला. विठ्ठलमामांनी शब्द टाकला होता, दहावी पास पोरगा हवा होता, आणि आपल्या घरात तो तूच होतास, गोविंदा गुणाजी. मी दोनदा बसून दोनदा आपटलेला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी बाबा भाताच्या भाऱ्यांवरून पडले, कमरेचं हाड गेलं. कल्याणच्या दवाखान्यात तू त्यांच्यापाशी थांबलास आणि मला म्हणालास, हरी, तू बाळकुमला जा, मामांना सांग चार दिवसांनंतरची तारीख मिळते का बघा, कागद बरोबर ने म्हणजे त्यांचा विश्वास बसेल. मी तुझे कागद पिशवीत घालून गेलो. मामा गेटवरच उभे होते. ते म्हणाले, तारीखबिरीख काही मिळत नाही, बाहेर शंभर पोरं उभी आहेत, फोटो कुणी बघत नाही, तूच आत जा आणि गोविंदा म्हणून बस. घरात नोकरी आली म्हणजे झालं, करायची कुणी ते मागाहून ठरवा. मी आत गेलो. तारीख मागायला गेलो आणि नोकरी घेऊन आलो.

संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात तुला सांगितलं. तू म्हणालास, "बरं झालं. कागद तुझ्याकडेच ठेव, लागतील." बाबा उठून बसेपर्यंत मी जाईन, मग तू ये, असंच ठरलं होतं ना आपलं? बाबा सहा वर्षं अंथरुणावर होते. तोवर तुझ्या नावावर माझा फंड, माझं ओळखपत्र, माझा फोटो, सगळं पक्कं झालं होतं. पुढे आधार कार्डही तसंच निघालं. कागदावर मी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. त्या सहा वर्षांत आणि त्यानंतर मी एकदाही म्हटलं नाही की अण्णा, आता तू ये. तूही कधी विचारलं नाहीस. मला वाटायचं, तुला शेतीच आवडते. असं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं, हे आज लिहिताना कळतंय.

तुला माझ्या लग्नातला उखाणा आठवत असेल. आठवत नसेल असं होणार नाही. रुपालीला मी सगळं आधीच सांगितलं होतं. कंपनीतले पंधरा-वीस जण आपल्या गावी, खडवलीला आलेले, साहेबही आलेले, त्यामुळे तिला बजावून ठेवलं होतं की नाव कुठलं घ्यायचं. आणि घास भरवताना तिनं यमक जुळवून भर मांडवात तुझं नाव घेतलं. ज्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही त्या मोठ्या दिराचं नाव नव्या नवरीनं घेतलं. कंपनीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. गावातले एकमेकांकडे बघत राहिले. वहिनी हातातलं ताट घेऊन आत गेली ती जेवणं आटपेपर्यंत बाहेर आली नाही. तू पंगतीत जिलबी वाढत होतास, तू थांबला नाहीस. रुपाली अजून म्हणते की आयुष्यात तेवढी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

तेव्हापासून मी घरात अहो आणि बाबा, गावात हरी आणि कामावर गोविंदा. हरी हे माझं लाडाचं नाव आहे असंच मुलींना वाटतं. तू त्यांना फक्त अण्णाकाका. ऋतिका लहान असताना तिनं एकदा वहिनीला विचारलं होतं, काकांचं खरं नाव काय. वहिनी नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून तेव्हा हसण्यावारी सुटलो. पण पोरींच्या नावामागं तर बापाचंच नाव लागतं. ऋतिका गोविंदा, सान्वी गोविंदा. शाळेचे दाखले, रेशनकार्ड, ऋतिकाचं कॉलेज, सगळीकडे. तुला आणि वहिनीला मूल झालं नाही, आणि माझ्या दोन्ही मुली जन्मल्यापासून कागदोपत्री तुझ्याच आहेत. हे वाक्य मी आजवर मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं.

तू म्हणशील, मग आत्ताच का उकरतोस. मीही उकरणार नव्हतो. पण गणिताच्या वहीवर रोज तुझं नाव घालायला लागलो तसं मनात यायला लागलं, की बसायचंच आहे तर आपल्या नावानं आधी दहावीलाच बसावं. ठाण्याला कोर्टासमोर एक वकील आहे, त्याच्याकडे गेलो. एका मित्राची गोष्ट आहे, म्हणून सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, नाव बदलायचं असेल तर सोपं आहे, राजपत्रात छापून येतं. पण तुमच्या मित्रानं नाव बदललेलं नाही, माणूस बदललाय. त्याला फसवणूक म्हणतात. नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, पोरांच्या दाखल्यांवर कुणाचं नाव लावायचं तो घोळ वेगळाच. मित्राला सांगा, इतकी वर्षं गप्प बसला तसा पुढेही बसू दे. मित्राची फी त्यानं माझ्याकडून घेतली. म्हणजे खरं सांगितलं तर नोकरी जाते, बारावी नाही झालो तर निम्मा पगार जातो, आणि बारावी झालोच तर तुझ्या नावावर मी आणखी एक कागद काढतो. इकडे आड, तिकडे विहीर. मी गप्प बसायचं ठरवलं. गप्प बसण्यात आपल्या दोघांचा हात कुणी धरणार नाही.

सोमवारी संस्थेची यादी लागली. ऋतिका कॉलेजातून येताना पेढे घेऊन आली. पेढा माझ्या तोंडात घातला आणि मोबाइल पुढे धरला. यादीत माझं नाव होतं आणि ते दोनदा होतं, चौदाव्या आणि पंधराव्या नंबरला. तेच नाव, वडिलांचं तेच नाव, तीच जन्मतारीख, दहावीचा तोच बैठक क्रमांक. एक अर्ज ठाण्याच्या कार्यालयातून आलेला, दुसरा कल्याणच्या. तिला वाटलं टाइप करणाऱ्यानं चूक केली. त्या बैठक क्रमांकावर हक्क सांगणारी जगात दोनच माणसं आहेत, आणि त्यातला एक तिथं पेढा खात बसला होता. मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं अण्णा, की तुला अजून शिकायचं असेल.

मंगळवारी ताईंनी मला आणि ऋतिकाला मूळ गुणपत्रक घेऊन बोलावलं. कल्याणहून त्यांना दुसऱ्या अर्जाचं मागचं पान तेवढं मोबाइलवर आलं होतं. फोटो असलेलं पुढचं पान कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे, त्या सोमवारी येणार. माणूस खडवलीचा आहे, एवढं कळलं होतं. तुझं अक्षर मी कित्येक वर्षांनी बघितलं. अजून तसंच आहे, शाळेतल्या फळ्यावर काढावं तसं. 'शिक्षण का थांबले?' याच्यापुढे तू लिहिलंयस, 'शेतीच्या कामामुळे. कुणाचा दोष नाही.' 'शिकून काय करणार?' याच्यापुढे, 'अकरावीत बसायचे राहून गेले होते. जमते का बघायचे आहे.' आणि 'मूळ गुणपत्रक जोडले आहे का?' याच्यापुढे, 'मूळ प्रत हरवली आहे.' अण्णा, ती प्रत माझ्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळीसकट, एकोणतीस वर्षं ठेवलेली होती, आणि ती कुठं होती हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तरी तू लिहिलंस, हरवली आहे. मला तिथंच बसल्या जागी रडू येत होतं आणि समोर ताईंनी चहा ठेवला होता. सगळ्यात खाली 'अपत्ये किती?' असा रकाना आहे. त्यात तू लिहिलंयस, 'दोन पुतण्या आहेत.'

ताईंना त्या ओळीचं हसू आलं. त्या मला धीर देत होत्या. म्हणाल्या, "गोविंदराव, मूळ गुणपत्रक तुमच्याकडे आहे, तुम्ही कशाला घाबरता? या भामट्याला बापांच्या योजनेत साधी मुलंसुद्धा दाखवता आली नाहीत." तुला भामटा म्हणाल्या, अण्णा, आणि मी कपबशी धरून ऐकत बसलो. मग कसंबसं म्हटलं, माझा अर्ज मला परत द्या, मला नाही शिकायचं. तर त्या आणखीच पेटल्या. असं खचून जायचं नाही, हा तुमचा हक्क आहे, तो कुणा चोराला का सोडता, म्हणाल्या. गुणपत्रक त्यांनी पडताळणीसाठी संस्थेत जमा करून घेतलं. नाहीतर या पाकिटात घालून तुला पाठवलं असतं, तेही आता माझ्या हातात राहिलं नाही. सोमवारी दोन्ही अर्ज समोरासमोर ठेवायचे, खडवलीचा रद्द करायचा आणि त्या माणसाविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची, असं त्यांनी ठरवलंय. मी म्हटलं, तक्रार नको. त्यांना वाटलं, मी फार मोठ्या मनाचा आहे.

ऋतिका हसली नाही. ती त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. ताई बोलत होत्या तेव्हाही तिचं बोट तिथंच होतं. लिफ्टमधून खाली आलो, घरापर्यंत चालत आलो. चपला काढताना ऋतिका म्हणाली, रविवारी मी खडवलीला जाऊन येते, अण्णाकाकांना विचारते, त्यांना गावातलं सगळं माहीत असतं. मी म्हटलं, जा. ती तशीच उभी राहिली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, त्याआधी तुम्हाला मला काही सांगायचंय का?" अण्णा, मी तिला म्हटलं, छत्री घेऊन जा. दोन दिवस झाले. ती गणिताच्या तासाला नेहमीसारखी समोर येऊन बसते, पुस्तक उघडते आणि काही विचारत नाही. कपाटावरची झेरॉक्स गेलेली आहे. मी काढली नाही, रुपालीनंही काढली नाही. मी दोनदा सुरुवात केली, एकदा वाक्य सान्वीच्या क्लासवर गेलं आणि एकदा पाण्याच्या टाकीवर. बापानं पोरीकडून शिकायचं, त्यात मला कधी लाज वाटली नाही, पण हे तिला कुठल्या तोंडानं सांगू ते समजत नाही.

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. माफी मागितली की तू लगेच देऊन टाकशील आणि विषय मिटवशील. तुझा स्वभाव मी ओळखून आहे. रविवारी ऋतिका दारात दिसली की तू तिला सांगशील, अगं गावात एक अर्धवट माणूस आहे, त्याचा उद्योग असणार, मी बघतो त्याच्याकडे. आणि सोमवारी सकाळी कल्याणला जाऊन मुकाट्यानं स्वतःचा अर्ज मागे घेशील. ते करू नकोस, एवढंच सांगायला हे लिहिलं, आणि शनिवारपर्यंत तुला मिळावं म्हणून स्पीड पोस्टानं टाकतोय. अर्ज तुझा आहे, मार्क तुझे आहेत, अकरावीचा बाकही तुझाच होता. माझी नोकरी जायची असेल तर जाऊ दे, झाडू हातात धरायला कुठलं गुणपत्रक लागत नाही. वकील म्हणाला ते सगळं झालं तरी होऊ दे. फक्त पोरीला सांगायचं बळ माझ्यात नाही, म्हणून आणखी एकदा माझं काम तुझ्या गळ्यात टाकतोय. तिला आधी पोटभर जेवायला वाढ, वहिनीला शेजारी बसव आणि सगळं सांग. मला वाचवण्यासाठी काही झाकू नकोस. ती रडली तर रडू दे, माझ्यावर चिडली तर चिडू दे. आणि निघताना तिनं विचारलंच, की मग माझ्या बाबांचं नाव काय, तर तेही तूच सांग. वीस वर्षांत मी तिला ते सांगितलेलं नाही.

तुझाच,
हरिहर